कर्ण्यावरून पुकारलेली बिदागी

अजूनही एखाद्या लग्नात कर्णा खरखरला की माझा घास हातातच राहतो. घरचे हसतात. हसोत बापडे! त्यांनी ती खिंड पाहिलेली नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. मी शिराळ्याकडच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. खेड्यांत लाउडस्पीकर तेव्हा नवलाईचा. सांगलीचे दोघे भाऊ बॅटरी, फोनो आणि भलामोठा कर्णा बैलगाडीत घालून लग्नांना येत, तबकड्या वाजवत आणि आहेरही पुकारत. कुणी काय दिलं ते चारचौघांत पुकारायचं ही आमच्याकडची जुनी रीत. त्यात कर्णा आल्यावर लोकांना चेवच चढला. पाच रुपये देणारा दोनदा पुकारायला लावी. शेवटी यजमान कर्णेवाल्याला पटका बांधून बिदागी देई आणि तीही कर्णेवाला स्वतःच ऐटीत पुकारी.

एकदा धाकटा तापाने घरी पडला असताना, लग्नाहून परतणाऱ्या थोरल्या भावाला खिंडीत ठार मारलं. दिवसाढवळ्या, जेवणं आटोपून गाव सुस्तावलेलं असताना. पंचनाम्याला गेलो तेव्हा डोकं धोंड्याने फुटलेलं होतं आणि नवा कोरा पटका गळ्यात अडकला होता. प्रेतं मी पुष्कळ पाहिली, पण त्या पटक्याकडे मला बघवेना.

गाडीवान बेपत्ता होता. तो बहिणीच्या गावी कडब्याच्या गंजीत लपलाय, अशी खबर पोलीस पाटलाने आणली. त्याला ठाण्यात आणलं. हवालदार बाह्या सरसावून उभा राहिला, त्याला मी बाहेर काढलं. भ्यालेल्या माणसाला आधी चहा पाजावा. घशाला कोरड पडली की खरंसुद्धा बाहेर येत नाही.

"म्या पळालो, व्हय," तो रडत म्हणाला. "पर मारलं न्हाई, सायेब. दोघं झाडीतनं आलं. 'सव्वाशे काढ' म्हनलं. त्यो म्हनला, शंभरच हायती. 'पटक्यासंगं सव्वाशे मिळालं की रं, खोटं बोलतुस व्हय?' असं म्हनलं आन् धोंडाच घातला."

मी सुन्न झालो. बिदागी सव्वाशेचीच होती; मारेकऱ्यांना आकडा रुपयानिशी ठाऊक होता. म्हणजे मांडवातल्याच कुणीतरी कळवला असणार. पण गाडीच्या आधी मांडवातून कुणी हललंच नव्हतं, अशा साऱ्या गावाच्या जबान्या होत्या. उरला कोण, तर हा गाडीवान. त्याला कोठडीत घातलं. 'ह्यालाच फासावर द्या' म्हणून लोक ठाण्यापुढे जमू लागले. मला ते पटेना. फितूर असता तर आकड्याची गोष्ट त्याने आपणहून कशाला सांगितली असती?

सुतक फिटल्यावर धाकट्याने पुन्हा कर्णा उचलला. हंगामभराचे विसार घेतलेले. न जाऊन सांगतो कुणाला? त्याच सुमारास दोन शिपाई घेऊन मी पुन्हा खिंड धुंडाळायला गेलो. खालच्या गावात लग्न होतं. वारा आमच्याकडे वाहत होता. आणि एकाएकी, जणू कुणी कानाशी तोंड लावून बोलावं तसे शब्द आले: "कर्णेवाल्याला पटका आणि बिदागी रुपये नव्वद!"

आवाज धाकट्याचा होता.

फितूर कसला नि काय! हे मला ऐकू आलं, तसं आणखी कुणालाही आलं असणार. आणि आता तो याच वाटेने वर येणार होता.

आम्ही करवंदीच्या जाळीत शिरलो. पिस्तूल होतं, पण समोर किती जण असतील याचा पत्ता नाही. मला उशीर झाला तर एकाच घरातलं दुसरं प्रेत उचलायची पाळी. शेवटी घुंगरं वाजली, गाडी वळणावर आली आणि आमच्या डोक्यावरच्या कपारीतून दोघे उतरले. एकाच्या हातात धोंडा होता. मी ओरडून जाळीबाहेर झेपावलो, पाठोपाठ शिपाई. दोघेही झटापटीत सापडले.

"लग्नात तुमचा माणूस कोण?" मी विचारलं.

"आमाला मानूस कशाला पायजे?" एक जण म्हणाला. "हितं बसलं की समदं ऐकू येतंय."

गाडीवान सुटला. त्या दोघांना शिक्षा झाली. कर्णेवाल्याला घरात बोलावून, दार लावून पैसे द्यावेत आणि सोबत माणूस द्यावा, अशी ताकीद मी गावोगावच्या पाटलांना दिली. चोराला खबर द्यायला दर वेळी फितूर लागत नाही, कधी कधी आपली हौसच ते काम करते, हे मी तिथे शिकलो.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नात कर्णा त्याच धाकट्याचा होता. मी त्याला माजघरात नेलं, दार लावलं आणि बिदागी हातावर ठेवली. सोबतीला दोन शिपाईही सांगून ठेवले होते. तो तसाच उभा राहिला.

"पुकारू नको ना, साहेब?"

"नको रे बाबा."

त्याने पैसे कनवटीला लावले. "आपलं बरोबर आहे," तो म्हणाला, "पण कष्टाचे पैसे असे दाराआड घेताना चोरी केल्यासारखं वाटतं बघा."

मी दार उघडून दिलं.