बाजरीचा फुलोरा आणि राधीच्या शिंका

वहिनी, टेम्पोत गाद्या, भांडी आणि मला भरून नवरा कंपन्यांच्या बजाजनगरला निघाला, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आबा लेकीसाठी मेंढरं सोडून थेट रस्त्यापर्यंत आले होते. "तिथली हवा घाण. लेकरं झाली की दरसाली इकडं आणत जा," एवढंच बोलले. तुम्ही सगळे रडत होता. मी मात्र, खोटं कशाला बोलू, आतून लई खूश होते. घरात नळ, गॅस, आणि मेंढरांमागं पळायचं नाय!

गेल्या साली माझी राधी पाच वर्षांची झाली आणि भादव्यात तिच्या शिंका सुरू झाल्या. एकामागं एक, डोळे लाल, नाक गळतंय. आम्ही कंपन्यांच्या धुराला शिव्या दिल्या आणि तिला चांगल्या हवेला म्हणून गावी आणलं. आबांनी तर नातीसाठी रानातच, मेंढरांच्या वाड्याजवळ खाट टाकली. चारी बाजूंनी बाजरी, तीही ऐन फुलोऱ्यात! तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे उघडेनात, छातीत घुरघुर.

तशीच शहरात परत आणली. गारखेड्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परागकणांची ॲलर्जी आहे. बाजरी, गाजरगवत यांच्या फुलोऱ्याच्या दिवसांत जपा, बाहेरून आली की हातपाय-तोंड धुवा, कपडे बदला, धुणं घरात वाळवा, औषध चुकवू नका. मी लागले कामाला. नाकात फवारा मारताना मीच डोळे मिटून घ्यायचे, तर राधी मला म्हणायची, "मम्मी, घाबरू नको."

फिकीर होती ती आबांची. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "फुलानं कुणी आजारी पडतंय व्हय?" आणि फोन ठेवला. मग महिनाभर बोललेच नाय. आपल्याच रानानं नातीला बेजार केलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. इकडं राधी रोज विचारायची, आबांकडं कधी जायचं? वाटायचं, पोरीचं आजोळ सुटलं.

पण कोणत्या चाऱ्यानं मेंढरू फुगतं हे जन्मभर पारखलेला माणूस गप्प बसतो व्हय? यंदा पावसाळ्यात आबा हाताला पिशव्या बांधून घराभोवतीचं, बांधावरचं गाजरगवत फुलायच्या आत उपटत होते. लोक हसत होते, हे तुम्हीच मला सांगितलंत. बाजरी निघाली, सुगी आटोपली आणि आबांचा फोन आला. "फुलोरा सरला. घेऊन ये माझ्या राणीला."

दिवाळीला आलो. औषधांची पिशवी घेऊन मी मागं मागं, राधी मेंढरांत पुढं. पाच दिवसांत एकदाच मोठी शिंक ऐकू आली आणि अंगणातलं सगळं माणूस जागच्या जागी थांबलं. शिंकले होते आबा! राधी तर हसून हसून जमिनीवर लोळली.

वहिनी, मी बजाजनगरातच राहणार, आता तेच माझं घर. पण माझ्या लेकीला मोकळा श्वास घेता यावा म्हणून एक म्हातारा माणूस बांधावर वाकून गवत उपटतो, तेही माझंच घर की.