इस्त्री केलेले हात

आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणाचं दुकान आहे. तिथे एक बाई तीस वर्षं कोटांची काजं हातानं करते. सगळे तिला काजवालीच म्हणतात. इस्त्री केल्याशिवाय कापड गिऱ्हाईकाच्या हाती द्यायचं नाही, हा तिचा नेम. त्या नेमानंच तिचा घात केला.

संधिवातानं तिची बोटं सुजली. जुन्या औषधांनी भागेना. डॉक्टरीणबाईंनी नव्या गोळीचं समजावलं, "शरीराचे पहारेकरी घरच्यांवरच काठ्या चालवतायत. 'सूज आणा' असा निरोप पेशीच्या दारावर येतो, आतला जासूद तो पुढे पोचवतो. ही गोळी त्या जासुदालाच अडवते."

"म्हणजे मशीनचा पट्टाच काढायचा!" काजवाली म्हणाली. "पाय मारा कितीही, सुई हलायची नाही."

"अगदी तसंच. पण आधी सुजलेले सांधे मोजू द्या. पुरेसे भरले, तरच ही गोळी देता येते."

मोजायला सूजच सापडेना. घरी हिला सुई धरवत नसे आणि तपासणीला हात छान! तीनदा असं झालं, गोळी लांबली.

चौथ्या तपासणीला चार दिवस होते. शाळेतून येताना मी सहज दुकानात डोकावले, तर तिचा दीर पुडी सोडत होता. करड्या भुकटीला कुबट वास.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"झाडपाला, बाई. तुम्ही फळा-खडू बघा."

काजवाली खालमानेनं म्हणाली, "सुजलेले हात परक्यापुढे कसे न्यायचे, बाई? गबाळं दिसतं. म्हणून तपासणीपुरती घेते; हातांना इस्त्रीच ती."

पुडी मी उचलली आणि डॉक्टरीणबाईंना दिली. भुकटीच्या तपासणीत स्टेरॉइड निघालं. वरची सूज दडत होती, आत सांधे झिजत होते. दिराला जाब विचारला, तर दात कोरत म्हणाला, "गुण आला ना? मग झालं!" त्याला सगळं ठाऊक होतं. मला इतकी शिसारी आली की तो टेकला होता ती खुर्ची मी पुसून घेतली.

पुढच्या खेपेला काजवालीनं सुजलेले हात तसेच टेबलावर ठेवले. चौदा सांधे भरले. रक्त, छाती तपासून गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत सुई हाती आली; डावं मधलं बोट मात्र वाकडं ते वाकडंच.

परवा तो निर्लज्ज पुन्हा पुडी घेऊन उभा. तिनं ते बोट त्याच्या नाकापुढे धरलं.

"भावोजी, ही तुमची इस्त्री. चला, निघा."