डॉल्फिनच्या पोटातलं पाणी

डॉल्फिनच्या पोटात ड्रिल घातली म्हणून नोटीस आलेला रत्नागिरीतला मी एकटाच आर्किटेक्ट असेन. नोटीस कोणत्या ऑफिसची ते लिहीत नाही. विषय होता, 'सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण'. ती मालमत्ता मीच बांधून दिली होती.

माझा बाप चिरेखाणीत राबला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला, आणि हे मी ऐटीत सांगतो. आर्किटेक्ट झालो, पुढे स्वतः इमारती बांधायला लागलो. या गावाने मला उभं केलं. म्हणून आमच्या पाखाडीची, म्हणजे चढावरच्या पायऱ्यांच्या वाटेची, फुगलेली भिंत मी फी न घेता, माझे गवंडी लावून नवी बांधली. भिंतीमागे लाल मातीचा चढ. पुढे दोन हातांवर पाखाडीतल्याच विमलकाकीचं स्वयंपाकघर.

अशी भिंत पडते ती बहुधा पाण्याने. मागची माती भिजून जड होते, पाणी साचतं आणि भिंतीला पुढे रेटतं. म्हणून भिंतीत आरपार पाइप ठेवतात. त्यांना वीप होल म्हणतात. पावसाळाभर त्यांतून पाणी गळतं. गळायलाच हवं.

गेल्या उन्हाळ्यात एका सुशोभीकरण समितीने या भिंतीवर समुद्र आणि त्यात एक मोठा डॉल्फिन रंगवून घेतला. उद्घाटनाला मला शाल दिली. मी डॉल्फिनपुढे उभा राहून फोटो काढून घेतला. भिंतीला एकही भोक दिसत नव्हतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. तो राग अजून माझा माझ्यावर आहे.

आषाढात आठ दिवस पाऊस लागून राहिला होता. काकीचा फोन आला.

"बाबू, तुजी भित गळत नाय."

"मग बरंच की."

"बरं काय? दोन वर्सं मी त्या पान्यावर भांडी घासतंय. औंदा बालदीत ठेंब नाय. मंग पानी गेलं कुठं?"

इंजिनिअरने विचारावा असा प्रश्न होता. मी छत्रीसुद्धा न घेता निघालो.

ओळंबा लावला. दोरीला वजन बांधून भिंत सरळ उभी आहे का, ते त्याने बघतात. भिंत बोटभर पुढे आली होती. रंग खरवडला. खाली सिमेंट. सगळी भोकं बुजवलेली.

समितीच्या साहेबांना तिथूनच फोन लावला.

"पेंटरना सलग सरफेस हवा होता. डॉल्फिनच्या अंगावर भोकं बरी दिसतात का?"

"तुमच्या नाकाला दोन आहेत. ती बुजवलीत?"

"चिडू नका हो. अर्ज द्या, पुढच्या मीटिंगला घेऊ."

"तोवर भिंत बाईच्या अंगावर आली तर?"

"तुम्हीच बांधलीय ना? मजबूतच असणार."

माझ्या कामाचं कौतुक ऐकून इतका संताप मला कधी आला नव्हता.

काकीला शेजारच्या घरी हलवलं. निघताना तिने चुलीकडे एकदा बघितलं. "परत येन ना रे हितं?" मी तिची बालदी उचलून पुढे चालू लागलो.

माझा गवंडी दत्तू ड्रिल चालवू लागला. पहिलं भोक मोकळं झालं आणि लाल पाण्याची पिचकारी थेट त्याच्या छातीवर बसली. निळा समुद्र बघता बघता लाल झाला. मोठी धार डॉल्फिनच्या पोटातून निघाली. संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं. पुढचे तीन दिवस मी ओळंबा घेऊन जात होतो. भिंत तसूभरही हलली नाही. चौथ्या दिवशी काकीने चूल पेटवली.

मग नोटीस आली. साहेबांचा फोनही आला. "तुम्ही शिकलेली माणसं. परवानगी न घेता असं करता?"

"शिकलो म्हणूनच केलं. न शिकलेल्या बाईला जे दिसलं, ते तुमच्या समितीला दिसलं नाही."

नोटिशीला मी एका ओळीचं उत्तर दिलं: भर पावसात काकीच्या स्वयंपाकघरात बसून पाहणी करावी. अजून कोणी आलेलं नाही.

आता मी भिंत बांधली की प्रत्येक वीप होलशेजारी चिऱ्यात 'बुजवू नये' असं कोरून घेतो. पण त्यावरही उद्या कोणी रंग फासेल. डॉल्फिनखाली काकीची बालदी परत लागली आहे, तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे. भिंतीवर लक्ष ठेवायला समिती लागत नाही. जिची भांडी त्या पाण्यावर घासली जातात, ती बाई पुरते.