उतारावरचं इंजिन

घाट उतरताना आमच्या गाडीपुढे फरश्यांनी भरलेला ट्रक होता. खालच्या गिअरमध्ये कण्हत कण्हत चालला होता.

“काय बोंबलतोय हा!” नवरा वैतागला. मग त्यानंच समजावलं, “इंजिनवर धरलीय गाडी. नुसते ब्रेक दाबत उतरला तर ते तापून निकामी होतील.”

म्हणजे चढावर ज्यानं ओढलं, त्यानंच आता पोटात हवा कोंडून सगळं ओझं मागे धरायचं. वर बोलणीही त्यानंच खायची.

हे काम मला ठाऊक आहे. नवरा रागाच्या भरात नोकरी सोडायला निघाला, मी धरलं. राहतं घर विकून मित्राच्या हॉटेलात भागीदार व्हायला निघाला, तेव्हाही मीच धरलं, श्वास कोंडून. सासरी या धरण्याला एकच नाव होतं, ‘हिची कटकट’.

पायथ्याशी देवीचं देऊळ आहे. ट्रकवाल्यानं उतरून नारळ फोडला. नवऱ्यानंही गाडी थांबवून हात जोडले आणि प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं.

“हिच्याच कृपेनं आपलं आजवर सगळं निभावलं बघ.”

मी खोबरं चावत राहिले. बोलले असते, तर तीही कटकटच ठरली असती.