सखूनं थांबवलेला पट्टा

सखू, कान जरा इकडं कर. तुझं येडगाव काय लांब न्हाई, तरी तुझं इकडं येणं न्हाई! आज चुलीवर टोमॅटो शिजले आणि त्या वासानं आपला सॉसचा कारखाना आठवला. सडका टोमॅटो दिसला की कुणीबी बाईनं सरकता पट्टा थांबवायचा, ही आपली रीत. त्या दिवशी तू थांबवलास. नवा साहेब ओरडला, "कारखाना तुझ्या बापाचा हाय का? उद्यापासून येऊ नको!"

सडका टोमॅटो मीबी पाहिला व्हता. मी खाली मान घालून उभी राहिले.

मग भीतीनं पट्टा कुणीच थांबवला न्हाई. सडका माल बाटल्यांत गेला, भरलेल्या गाड्या परत आल्या. तुझी जागा मोकळी, शेजारी बोलायला कुणी न्हाई. तवा साहेबावर राग व्हता. आता माझाच येतो.

लवकर ये गं. माफी तुझ्या तोंडासमोर मागायची हाय.