न वाचलेलं चौथं पान

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते आणि सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या नगरपालिकेवर प्रबंध लिहीत होते. शहराचा कारभार आणि राज्याचं राजकारण यांचा संबंध, असा माझा भारदस्त विषय. तो संबंध मला ठरावांच्या वहीत सापडला नाही, नगरसेवकांच्या मुलाखतींत तर मुळीच नाही. सापडला तो पाणी सोडणाऱ्या माणसाकडे.

खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून तो गल्लोगल्ली पाणी सोडत फिरायचा. माण तालुक्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दुष्काळात जगायला गावात आला आणि पालिकेत चिकटला. मला म्हणाला, "बाई, तिकडं मुंबईत मंत्री बदलला की हितं कुणाच्या गल्लीचं पानी तुटणार, ते मला आदी कळतंय. अध्यक्षसायबाचा निरोप येतोय, अमक्या गल्लीला चावीचं दोन आटं कमी फिरव." मी तीन आठवडे त्याच्यामागे हिंडले, घड्याळ लावून वेळा टिपल्या. सगळं जुळलं. मला आकाश ठेंगणं झालं.

माहिती देणाऱ्याचं नाव छापायचं नसतं, हे मला पाठ होतं. म्हणून मी लिहिलं, 'पालिकेच्या चावीवाल्याने सांगितले.' शहाणपण बघा माझं! त्या गावात चावीवाला होता एकच.

प्रबंधातलं एक प्रकरण आमच्याच कॉलेजातल्या परिसंवादात वाचायचं होतं. सायक्लोस्टाइल केलेल्या प्रती सकाळीच वाटून झाल्या होत्या. वाचायला उभी राहिले आणि पाहते तर पहिल्या रांगेत त्या गावचे नगराध्यक्ष! आमच्या संस्थेच्या एका विश्वस्तांनी त्यांना कौतुकानं बोलावलं होतं. मांडीवर माझा निबंध उघडा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या माणसाची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. घरात खाणारी सहा तोंडं होती.

तिसरं पान संपलं. मी सरळ पाचव्यावर उडी मारली. रेटून शेवटपर्यंत वाचलं. टाळ्या पडल्या. मग नगराध्यक्ष सावकाश उठले.

"बाई, छान वाचलंत. चौथं पान तेवढं राहिलं बघा."

सभागृहात पानं उलटल्याचा आवाज झाला.

"हा चावीवाला म्हणजे आमचाच की. तो बोलला हे सगळं तुमच्याशी?"

"नाही," मी म्हणाले. "ऐकीव माहिती आहे ती. त्यांना मी ओळखतसुद्धा नाही."

"ओळखतसुद्धा नाही?"

"नाही."

"बरं झालं विचारलं ते," म्हणून ते बसले. मला वाटलं, वाचवलं मी त्याला. घरी जाऊन पोटभर जेवले.

पुढच्या आठवड्यात त्या गावी गेले तर चावी दुसऱ्याच्या खांद्यावर. हा कोंडवाड्यावर होता, मोकाट जनावरं डांबायच्या जागी. फाटकाशी उभा राहून त्यानं सांगितलं.

"सोमवारी अध्यक्षसायबानं समद्या हापिसाम्होरं इचारलं, बाईला तू सांगितलंस काय रं? मी म्हणलं, व्हय, मीच. खरं त्ये सांगितलं, त्यात भ्यायचं काय? तर सायब म्हणलं, बाई तर तुला वळखत बी न्हाईत, फुकट बढाया मारतोस व्हय? समदी हसली." त्यानं फाटकाची कडी लावली. "जनावरांचं काय न्हाई वो, त्येंच्यातच जल्म गेला. पर गावात खोटारडा म्हणत्यात. तेवढं हापिसात चला आन् सांगा, ह्याला मी वळखते म्हणून."

ऑफिस समोरच होतं. रस्ता ओलांडायचा, चार पायऱ्या चढायच्या. मला आमचे विश्वस्त आठवले, माझी कॉलेजातली नोकरी आठवली. पायच उचलेना.

"माझी तोंडी परीक्षा होऊ दे," मी म्हणाले. "मग नक्की येते."

"बरं. या सवडीनं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी गेले नाही. परीक्षेआधी नाही, नंतरही नाही. स्वतःचा इतका संताप यायचा की तो मी वर्गात पोरांवर काढायची.

चौथं पान मात्र प्रबंधात जसंच्या तसं ठेवलं. ते काढलं तर उरत काय होतं? तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "या चावीवाल्याच्या शब्दावर कितपत विसंबायचं?"

खोलीचं दार बंद होतं. आत दोघे परीक्षक आणि मी, तिघंच.

"पूर्ण विसंबा," मी ताडकन म्हणाले. "मी त्यांना चांगली ओळखते. तो माणूस खोटं बोलत नाही."