ज्याची त्याची चिठ्ठी

गौतम गेल्याचं मला जवळा गावच्या बाजारात मिरच्या निवडताना कळलं. आमच्या गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. सांगणाऱ्या बाईला मी म्हणाले, "काहून खोटं बोलून राहिलीस, कालच तर बोललो आमी." मग मिरच्या तशाच ठेवून घरी आले...

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, लेकरांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले. भीत भीत वाचनालयात गेले तर गौतमने आधी पुस्तक दिलंच नाही. विचारलं, "मावशी, तुमाला काय कळून घ्यायचं हाय?" आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर माझं नाव घालून सगळं लिहून घेतलं. अशी प्रत्येकाची चिठ्ठी. शेळ्यावाल्या कौसाला पोटफुगीवरचं कात्रण, सुनेशी अबोला धरलेल्या म्हातारीला हसवणारं पुस्तक. मला मोतीबिंदू झाला तेव्हा आख्खं प्रकरण मोठ्या अक्षरांत उतरवून दिलं. माणसं घरात बोलत नाहीत ते त्याला सांगत, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला कधी दिसली नाही.

वाचनालयाच्या अध्यक्षांना हे खुपलं. "वाचनालय हाय का दवाखाना, ज्याला त्याला वेगळी पुडी?" असं म्हणून त्याला काढलं, त्याच्या जागी आपल्या पुतण्याला बसवलं. पुतण्याला कुलूप तेवढं बराबर लावता येतं. गौतम खचला तो तिथून, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि शोकसभेत रुमाल भिजवला तो याच अध्यक्षांनी.

चिठ्ठ्यांचा डबा गौतमच्या बायकोने माझ्याकडे ठेवलाय, हे कळल्यावर ते घरी आले.

"मावशी, ती वाचनालयाची मालमत्ता हाय."

"लग्नपत्रिका कवापासून वाचनालयाच्या झाल्या?"

चहा निवून गेला. मग हळूच म्हणाले, "त्यात माझीबी एक असंल."

"असंल की."

"वाचली का तुमी?"

मी बशी उचलून आत गेले.

गौतम असता तर म्हणाला असता, मावशी, देऊन टाका. पण गौतम नाही, मी आहे, आणि माझं मन तेवढं मोठं नाही. येईल त्याच्या हातात त्याची चिठ्ठी देते आहे. कौसा तिची घेऊन गेली. अध्यक्षांची तेवढी डब्यात ठेवणार. वाचली की नाही, ते इथेही लिहिणार नाही. काढून टाकल्यावर गौतमचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आता अध्यक्षांचा लागत नाही, असं त्यांची बायको सांगत होती. ऐकून बरं वाटलं.